तिथल्या तिथं का नाही सुनावलंस?

भाऊबीजेला अकोल्याला गेले की चुलतभाऊ विचारतो. पुण्यातल्या मैत्रिणी विचारतात. परवा नवऱ्याच्या मावसबहिणीनंही विचारलं. "साहेब सगळ्यांसमोर तुझ्या बोलण्याची नक्कल करायचा आणि तू ऐकून घेत होतीस? तिथल्या तिथं का नाही सुनावलंस?"

विचारणाऱ्यानं उत्तर आधीच ठरवलेलं असतं. एकतर मी भित्री, नाहीतर मला माझ्या वऱ्हाडीची लाज वाटते. दोन्ही खोटं आहे, असं मी आजवर चिडून सांगत आले. आज जरा सावकाश सांगते. त्यातलं काही माझ्याविरुद्ध गेलं तर जाऊ दे.

पीक विम्याच्या मदतवाहिनीवर मी काम करायचे. ऑफिस पुण्यात, फोन राज्यभरातून. 2023 च्या खरिपापासून एक रुपयात विमा मिळायला लागला, अर्ज वाढले, तसे फोनही वाढले. अकोला, वाशीम, बुलडाणा, यवतमाळ इकडचा फोन असला की तो माझ्याकडे वळवायचा, हे सरांनीच, म्हणजे नक्कल करणाऱ्या त्याच साहेबांनी, ठरवलेलं. कारण माझ्याशी शेतकरी मोकळं बोलतात, माहिती पूर्ण मिळते, तोच फोन पुन्हा येत नाही. हे त्यांनी वरच्या साहेबांना माझ्यादेखत सांगितलं होतं.

आणि मी 'फळपीक' म्हणताना 'फयपीक' म्हटलं की हेच सर खुर्ची वळवून सगळ्या फ्लोअरला ऐकू जाईल असं म्हणायचे, "काय गं, फय? कोणतं फय?" मी पाण्याची बाटली मागितली की "पानी द्या रे तिला, पानी." कुणी मला हाक मारली आणि माझ्या तोंडून "येऊन राहिली" निघून गेलं, की दिवसभर सगळे येऊनच राहायचे.

सर वाईट माणूस नव्हते. हे वाक्य मला कुणी पूर्ण करू देत नाही, पण मी करणार आहे. माझ्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा त्यांनी रजेचा अर्ज न मागता मला घरी पाठवलं, रात्री फोन करून पोचलीस का विचारलं. मी परत आले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "काय मग, बाबाले बरं हाये ना आता?" चौकशी खरी होती. नक्कलही खरी होती. एकाच वाक्यात दोन्ही. आता सांगा, यातल्या कशाला उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "हो सर, बरं आहे."

तुम्ही विचारता ते मात्र त्या मीटिंगबद्दल. तेवढी मी सविस्तर सांगते, कारण ती कुणाला नीट सांगितलेलीच नाही.

ऑक्टोबरचा परतीचा पाऊस झाला होता. सोंगणी झालेलं सोयाबीन वावरात भिजलं की विम्याला तेव्हा एक नियम लागायचा. पीक कापून सुकायला पसरलेलं असेल, तर कापणीपासून 14 दिवसांपर्यंत अवकाळी पावसाचं नुकसान धरलं जायचं, पण नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत कळवावं लागायचं. आमच्या स्क्रीनवर वाचून दाखवायचा प्रश्न होता, "पीक कापणीपश्चात सुकवणीसाठी पसरवलेल्या अवस्थेत होते काय?" तेल्हारा तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाचा फोन आला. मी तो प्रश्न वाचला. तिकडून नुसतं "हाव" आलं. कशालाही येतं तसं हाव. या हावेवर फॉर्म भरला असता तर पंचनाम्याच्या वेळी भलतंच निघून दावा अडला असता. म्हणून मी विचारलं, "बाबा, सोयाबीन सोंगून वावरात पडेल होतं, का सुडी लावेल होती?" सुडी म्हणजे कापलेल्या पिकाची रचलेली गंजी.

"पडेलच होतं पोरी. सुडी लावाले मजूर कुठी हायेत?" आणि मग "सारं पान्यात गेलं" म्हणून ते रडायला लागले. म्हातारा माणूस फोनवर रडतो तेव्हा आवाज फार येत नाही, श्वास अडकतो फक्त. घड्याळ बघितलं, पावसाला तिसरा दिवस चालू होता. मी म्हटलं, "आता रडू नका बाप्पा, आदी मले गट नंबर सांगजा." ते उठले, कुणाला तरी हाक मारली, पेटी उघडल्याचा आवाज आला, नंबर आला. तक्रार मुदतीत नोंदली गेली. त्या दिवशी मी डबा आनंदानं खाल्ला.

त्या आठवड्याच्या गुणवत्ता मीटिंगमध्ये सरांनी हाच कॉल लावला. सुरुवात रास्त होती. मी स्क्रिप्टबाहेर गेले होते आणि स्क्रिप्ट का सोडली, हे विचारायचा त्यांना अधिकार होता. मी उत्तरही जुळवून ठेवलं होतं. पण 'सांगजा' आलं आणि त्यांनी कॉल थांबवला. "सांग जा? कुठे जा?" सगळे हसले. त्यांनी कॉल मागे घेतला. त्या प्लेअरला मागे घेतलं की तो काही सेकंद जास्तच मागे जायचा. त्यामुळे माझ्या वाक्याआधी दर वेळी त्या माणसाचा तो अडकलेला श्वास ऐकू यायचा, मग मी, मग 'सांगजा', मग हशा. पुन्हा. आणि परत एकदा.

लोक माझ्यावर हसत होते, त्या म्हाताऱ्या बाबांवर नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. पण हसू पडत होतं ते त्यांच्या रडण्यावर. फोन सुरू होतानाच त्यांना टेपवरच्या बाईनं सांगितलेलं असतं की हा कॉल प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड केला जात आहे. त्याला त्यांनी हरकत घेतली नव्हती.

मी बोलणार होते. हे कुणी मानत नाही, पण वाक्य तोंडापर्यंत आलं होतं: "सर, तो माणूस रडून राहिला." आणि तिथंच मी अडले. 'रडून राहिला' म्हटलं असतं तर पुढची दहा मिनिटं त्या शब्दांवरच गेली असती. तो म्हातारा बाजूला राहिला असता आणि माझा संतापच त्यांना नवीन नक्कल म्हणून मिळाला असता. म्हणून मी मनात ते वाक्य दुरुस्त करत बसले. रडून राहिला नको, रडतोय. रडत आहेत. 'ते गृहस्थ रडत आहेत, सर.' वाक्य शुद्ध होईपर्यंत पुढचा कॉल लागला होता. तो सोलापूरकडचा होता.

का नाही सुनावलंस, याचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे. माझ्या आवाजात बोलले असते तर ते हसले असते. त्यांच्या आवाजात बोलले असते तर माझा आवाज चुकीचाच होता, हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. तुम्ही म्हणाल, हसले असते तर हसले असते. तुम्हाला म्हणता येतं. तुम्ही त्या खोलीत नव्हता आणि घराचा हप्ता तुमच्या खात्यातून जात नव्हता.

तेव्हा मी घरी येऊन नवऱ्याला वेगळंच सांगितलं होतं. अशा लोकांच्या तोंडी लागत नसतात, मी गप्प बसून माझा मान राखला, असं. ते मी बराच काळ सांगत राहिले. आता ते मला पटत नाही. पण म्हणून ती भीतीच होती, हेही पटत नाही. जी बाई भांबावलेल्या माणसाकडून मुदतीच्या आत गट नंबर काढून घेते ती भित्री कशी?

तक्रार का केली नाही, हा पुढचा प्रश्न. कंपनीची नियमावली मी वाचली होती. 2013 च्या कायद्याप्रमाणे बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती होती, तिचे फोन नंबर भिंतीवर लावलेले. जातीवरून, धर्मावरून अपमान केला तर काय, तेही लिहिलं होतं. बोलीसाठी रकाना नव्हता, तक्रारीच्या फॉर्मवर शेवटी 'इतर' होतं. खरं म्हणजे हे प्रकार एकमेकांपासून इतके वेगळे नसतातच. 'पानी' म्हणणाऱ्या माणसाला पुढच्या पाच मिनिटांत आडनाव विचारलं जातं, हे मी पुण्यात इतक्यांदा पाहिलंय की तो योगायोग आहे असं मला कुणी सांगू नये. पण 'इतर' पुढे मी काय लिहिणार होते? सर 'सांगजा' म्हणाले?

समजूत घालणारेही भेटतात. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' आपल्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला लिहिला गेला, तू कशाला वाईट वाटून घेतेस, असं म्हणतात. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ऑफिसात पेढे वाटले आणि सरांनीही रिद्धपूरचं नाव घेऊन माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. रिद्धपूरचा मला अभिमान आहे. पण ही समजूत मला नको. ज्या बोलीत एकही जुना ग्रंथ नाही तिच्या माणसावर मग हसायला परवानगी आहे का?

आणि जे मी टाळत होते ते आता लिहिते. मी ण आणि ळ घोटून घेतले. आरशासमोर, स्वयंपाक करताना, बसमध्ये ओठातल्या ओठात. ते जमायला लागले तेव्हा मला आनंद झाला. सर एकदा म्हणाले, "आता तू अगदी आमच्यातलीच वाटतेस," तेव्हाही झाला. मग नव्या नोकरीच्या मुलाखतीत त्याच ण-ळचा उपयोग झाला आणि पगार वाढला. हा लेखही मी प्रमाण मराठीतच लिहिते आहे. यासाठी मला माफी मागायची नाही. दोन बोली येतात, दोन्ही मी कमावल्या आहेत. फक्त त्यातली एक कशी कमवावी लागली ते मला विसरता येत नाही.

त्या मीटिंगला हसलेली एक सहकारी मध्यंतरी भेटली. तिनंही हाच प्रश्न विचारला. मी उलट विचारलं, "तू का हसलीस?" ती म्हणाली, "मी सांगलीची. तुझ्यावर चाललंय तोवर माझ्यावर येणार नाही, असं वाटायचं." मला तिचा राग आला नाही. यायला हवा होता की नाही, ठरवता आलेलं नाही.

नोकरी सोडल्यावर मी त्या कंपनीला एक ईमेल लिहून ठेवलंय. त्यात माझ्याबद्दल फारसं नाही. रेकॉर्ड केलेले कॉल मीटिंगमध्ये कशासाठी वाजवायचे आणि कशासाठी नाही, एवढंच आहे, आणि तेल्हाऱ्याच्या त्या फोनची हकीकत आहे. 'ते गृहस्थ रडत होते' असं आधी लिहिलं होतं. ते खोडून 'तो माणूस रडून राहिला होता' केलं. मग पुन्हा पहिलं केलं. ईमेल अजून मसुद्यातच आहे. पाठवणार का, हे मात्र एवढ्यात विचारू नका.