एका सहीसाठी अडलेले प्रोसेस रेकॉर्डिंग

जीएनएम या परिचर्या व प्रसूतिशास्त्राच्या पदविका अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी वर्तनशास्त्रात मानसशास्त्र असते आणि सामुदायिक आरोग्य परिचर्येत आरोग्यशिक्षण व संवादकौशल्ये असतात. नीट वाचले तर हे लेखी पेपर निघतात, त्याविषयी मला फारसे सांगायचे नाही. मला सांगायचे आहे ते वॉर्डातील प्रोसेस रेकॉर्डिंगविषयी, कारण त्या एका फाईलवरच्या सहीने मला प्रसूतिपश्चात कक्षाच्या पोस्टिंगमध्ये शेवटपर्यंत ताटकळत ठेवले आणि तो राग अजूनही पुरता गेलेला नाही.

प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणजे रुग्णाशी झालेला संवाद शब्दशः लिहून काढणे. आमच्या फाईलमध्ये त्यासाठी तीन रकाने होते. पहिल्यात विद्यार्थिनी काय म्हणाली ते, दुसऱ्यात रुग्ण काय म्हणाली आणि तेव्हा तिचे हावभाव कसे होते ते, आणि तिसऱ्यात आपण कोणते संवादतंत्र वापरले व त्याचा परिणाम काय झाला ते लिहायचे. हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ साली परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नात्याची टप्प्याटप्प्याने मांडणी केली, ती आम्हाला वर्गात शिकवली होती. पहिल्याच भेटीत आपण कोण, किती वेळ बसणार आणि किती दिवस येणार हे रुग्णाला सांगावे, हे त्या मांडणीतले मला सर्वांत उपयोगी पडलेले सूत्र आहे.

सोलापूरच्या कोणत्याही मोठ्या प्रसूतिपश्चात कक्षात एका रांगेत पूर्व भागातील तेलुगू बोलणारी विडी कामगार, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी शेतमजूर आणि घरी दखनी बोलणारी गृहिणी अशा तिघी शेजारीशेजारी असतात. मला मिळालेली रुग्ण पहिलटकरीण होती, बाळंतपणाचा तिसरा दिवस होता आणि ती तेलुगू बोलणारी होती. तिला मराठी समजत असे, पण मनातले मराठीत सांगता येत नव्हते. सासूबाई शेजारीच बसून होत्या आणि उत्तरे त्याच देत होत्या. मी विचारले, "रात्री झोप लागते का?" त्यावर त्या लगेच म्हणाल्या, "लागते की, बाळ झोपलं की हीपण झोपते." तेवढ्या वेळात ती भिंतीकडे पाहत होती, डोळे भरून आले होते आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये ती पांघरुणाची कड विडी वळावी तशी सतत वळत होती. हे मी दुसऱ्या रकान्यात लिहिले, कारण तिचे खरे उत्तर तेच होते.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना म्हणाले, "आजी, तुम्ही सकाळपासून इथेच बसून आहात. जरा चहा घेऊन या, तोवर बाळाजवळ मी थांबते." त्या गेल्यावर साखर पेठेतून येणारी, घरी तेलुगू बोलणारी माझी वर्गमैत्रीण सोबत बसली. रुग्णाची संमती आधी घेतली आणि फाईलमध्ये नाव येणार नाही, घरच्यांना काही सांगितले जाणार नाही, काळजीचे काही असेल तर तिला विचारूनच सिस्टरांना सांगू, हेही स्पष्ट केले. मग ती बोलली. बाळ झोपले तरी तिला झोप येत नव्हती, कारण नसताना रडू येत होते आणि कारखान्याचे ठरलेले विडीचे काम पडून राहिल्याने घरी गेल्यावर लगेच बसावे लागेल, ही भीती तिच्या मनात होती. तिच्या परवानगीने मी हे वॉर्डाच्या सिस्टरांना सांगितले. त्यांनी सासूबाईंना विश्रांतीचे महत्त्व त्यांच्या कलाने समजावले. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारे असे रडू बहुतेक वेळा दोन आठवड्यांच्या आत ओसरते, पण त्यापुढे टिकले तर एडिंबरा प्रसूतिपश्चात नैराश्य मापनासारखी चाचणी करून घ्यावी, हेही त्यांनी सांगितले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत दहाच प्रश्न आहेत आणि ते मागील सात दिवसांच्या मनःस्थितीविषयी आहेत.

रुग्णाच्या दृष्टीने काम झाले होते, पण फाईल अडली ती यापुढे. फाईल तपासणाऱ्या आमच्या शिक्षिका मॅडमचा शेरा असा होता की संवाद तिसऱ्या व्यक्तीमार्फत झाल्याने रुग्णाचे शब्द जसेच्या तसे नाहीत, म्हणून हे प्रोसेस रेकॉर्डिंग ग्राह्य नाही, मराठी बोलणारी दुसरी रुग्ण घ्यावी. मी खुलासा करायला गेले तेव्हा मॅडम तपासणीच्या कामात होत्या, पुन्हा गेले तेव्हा मीटिंगमध्ये होत्या, आणि कार्यालयात विचारले तर सही नसेल तर अंतर्गत गुण चढणार नाहीत एवढेच उत्तर मिळे. दाराबाहेरच्या बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसताना मला एकच प्रश्न छळत होता. ज्या शहरात एवढ्या बाळंतिणी तेलुगू आणि कन्नड बोलतात, तिथल्या फाईलमध्ये दुभाष्यासाठी रकानाच का नसावा? माझ्या ओळखीच्या काही मुलींनी सुचवले की मराठीत संवाद रचून लिही, कोणी विचारणार नाही. मला ते मान्य नव्हते. ज्या बाईने विश्वास ठेवून सांगितले, तिच्या जागी काल्पनिक बाई उभी करून मी गुण घेणार नव्हते.

शेवटी मी त्याच पानावर पट्टीने चौथा रकाना आखला. त्यात रुग्णाचे तेलुगू वाक्य देवनागरीत, त्याखाली मैत्रिणीने केलेले मराठी आणि समासात तिची सही असे सर्व लिहिले. वॉर्डाच्या सिस्टरांनी दोन ओळी लिहून दिल्या की या संवादातील निरीक्षण त्यांनी ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरांना सांगितले आणि त्यानुसार काळजी घेतली गेली. त्या दिवशी मॅडमनी फाईल प्रथमच माझ्यासमोर पूर्ण वाचली. एका ठिकाणी मी तंत्र म्हणून "मौन" लिहिले होते, तिथे बोट ठेवून त्यांनी विचारले, "इथे तू काहीच का बोलली नाहीस?" मी सांगितले की ती रडत होती आणि "सगळं ठीक होईल" असे म्हटले असते तर ते खोटे आश्वासन झाले असते. त्यांनी सही केली. मला समाधानापेक्षा अभिमान अधिक वाटला आणि तो लपवण्याचे मला कारण दिसत नाही.

पुढच्या बॅचच्या मुलींनी दुभाषी घेताना शक्यतो घरचे माणूस टाळावे. प्रश्न विचारताना दुभाष्याकडे न पाहता रुग्णाकडे पाहावे, वाक्ये लहान ठेवावीत आणि शेवटी समजलेले तिच्याच तोंडून परत वदवून घ्यावे. रुग्णासमोर वही उघडू नये, संवाद संपल्यावर नर्सिंग स्टेशनवर येऊन लगेच लिहावे, कारण संध्याकाळपर्यंत शब्द बदलतात. "नोप्पी उंदा?" म्हणजे दुखते आहे का, एवढे जरी तेलुगूत विचारता आले तरी रुग्णाचा चेहरा बदलतो, म्हणून अशी पाच-दहा वाक्ये पोस्टिंगच्या आधी वर्गमैत्रिणीकडून शिकून घ्यावीत. हे आधीच लिहायला हवे होते, पण दुभाष्याची गरज पडणार असेल तर संवादाच्या आधीच मॅडमना विचारून तशी नोंद फाईलच्या पहिल्या पानावर करून घ्यावी, म्हणजे नंतर बाकावर बसावे लागत नाही. आणि सही मिळाल्यावर तिच्याखाली तारीख आहे का ते तिथेच पाहावे, कारण तारीख नसलेल्या फाईली कार्यालयातून परत येताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.