व्हरांड्यातला दुसरा पंच

आमच्या डेस्कवरच्या पोरांना ‘कोर्टातून लाइव्ह’ म्हटलं की सुप्रीम कोर्ट आठवतं. २०१८ मध्ये थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता मिळाली, २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांची सुनावणी घरबसल्या दिसू लागली, आणि ‘न्यायमूर्ती म्हणाले’, ‘वकील म्हणाले’ अशा पोस्टींची माळ लावणारे बातमीदार जागोजाग तयार झाले. पण तिथे साक्षीदार नसतो. तिथे असतात ते कागद, कायदा आणि महागडे वकील. मी ठाण्यात सत्र खटल्यांचं वार्तांकन करते. इथे पिंजऱ्यात घाबरलेला माणूस उभा असतो आणि तो काय बोलतो त्यावर समोरच्याची जन्मठेप ठरते. हा फरक डेस्कला समजावून मी थकले आहे. त्यांना दर पाच मिनिटांनी ओळ हवी असते.

ज्या खटल्याबद्दल लिहितेय तो खुनाचा. जुना, त्यामुळे कलम अजून ३०२ च. आरोपीने अटकेत असताना ‘कोयता काढून देतो’ म्हणून निवेदन दिलं आणि पोलीस दोन पंचांना, म्हणजे जप्तीच्या वेळी हजर ठेवायच्या त्रयस्थ साक्षीदारांना, घेऊन कळव्याच्या एका चाळीतल्या बंद खोलीवर गेले. पुरावा कायद्याचं जुनं कलम २७. नवा कायदा आला तरी पोलीस, वकील, आम्ही, सगळ्यांच्या तोंडी अजून तेच. पोलिसांपुढे आरोपी काय बोलला त्याला एरवी कवडीची किंमत नसते, पण त्याच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग पुरावा होतो. म्हणून अशा खटल्यात पंच महत्त्वाचा. सहसा सरकार पक्ष एकच पंच तपासतो. तो नीट बोलला की दुसऱ्याला सही घेऊन घरी पाठवतात. तो ढेपाळला तरच दुसरा.

त्या दिवशी पहिला ढेपाळला.

सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, छान झाली. मुद्देमालाचं पुडकं आलं, सुतळी, लाखेचं सील, सह्यांची चिठ्ठी, सगळं जागच्या जागी. ‘हीच माझी सही’, ‘हाच तो कोयता’, मुठीला गुंडाळलेली लाल चिंधीही ओळखली. मग बचावाचे वकील उठले. हे गृहस्थ आवाज कधीच चढवत नाहीत, म्हणून मला ते आवडतात. त्यांनी आधी वेळ पक्की करून घेतली: डिसेंबर महिना, संध्याकाळचे पावणेसात. खोलीला खिडकी? नाही. दार किती उघडं? अर्धं. मग फाइलमधून वीज कंपनीचं पत्र काढलं. त्या खोलीचा मीटर चार महिन्यांपूर्वीच काढून नेलेला.

“मग अंधारात तुम्हाला चिंधीचा रंग दिसला कसा?”

पंच गप्प. पंचनामा त्याच्या हातात दिला. त्यात ‘सदर खोलीत प्रवेश करता’ पासून ‘लाखेने मोहोरबंद करून’ पर्यंत पोलिसी मराठीत सगळं होतं, उजेडाचा शब्द नव्हता. मोबाइलची बॅटरी कुणीतरी लावली असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. त्याला ते सुचलं नाही. पिंजऱ्यात चढलं की माणसाला घरचा पत्ताही आठवत नाही, हे मी कितीदा पाहिलंय. शेवटी तो म्हणाला, “आठवत नाही.” सरकारी वकील मॅडमनी पेन खाली ठेवलं.

मी लगेच पोस्ट टाकली. परवानगी होती, तोंडी, पण होती. वर्षभर न्यायाधीश साहेबांनी प्रेसच्या बाकावरच्या फोनला हरकत घेतली नव्हती. न्यायालय खुलं असतं, हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६६ मध्ये आहे. बलात्काराचे, पोक्सोचे खटले इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, चालतात. त्यांच्या आसपास मी फोन बाहेरही काढत नाही. हा खटला तसला नव्हता. पोस्ट तीन ओळींची: खोलीत वीज नव्हती, पंचनाम्यात उजेडाचा उल्लेख नाही, पंचाला उत्तर देता आलं नाही. प्रत्येक शब्द कोर्टात उच्चारला गेलेला. आजही त्यातला एकही मागे घेणार नाही.

बाहेरच्यांना हे माहीत नसतं, पण पिंजऱ्यातला माणूस जे बोलतो ते जसंच्या तसं कागदावर जात नाही. प्रश्न-उत्तर-प्रश्न असं लिहीत नाहीत. न्यायाधीश दोन्ही ऐकतात आणि त्याचं एक सलग वाक्य करून स्टेनोला सांगतात. वकील खडसावतो, “तुम्ही त्या खोलीवर गेलाच नव्हता!” साक्षीदार म्हणतो, “नाही, गेलो होतो.” कागदावर उतरतं: ‘मी त्या खोलीवर गेलो नव्हतो असे म्हणणे खरे नाही.’ वकिलाने आपली बाजू नुसती सुचवायची असते, ती साक्षीदाराने कबूल केलेली नसते. नवशिक्या बातमीदाराला हे कळायला वर्ष लागतं, काहींना कधीच कळत नाही. ‘पंच घटनास्थळी गेलाच नव्हता, साक्षीत उघड’ असे मथळे मी खुनाच्या खटल्यांत वाचलेत. सगळा घाम, सगळी शांतता, घसा खाकरणं त्या सलग वाक्यात विरून जातं. माझ्या कामाबद्दल मला गुर्मी आहे ती एवढीच, की हे विरलेलं मी टिपते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत जांभळी नाक्यावर वडापाव खाऊन आले. अडीचला पट्टेवाल्याने दारातून दुसऱ्या पंचाचा पुकारा केला. हा कळव्याचा रिक्षावाला, सकाळपासून व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसलेला. साक्षीदारांनी एकमेकांची साक्ष ऐकू नये म्हणून त्यांना बाहेर बसवायचा आपल्याकडचा जुना संकेत. लहान मुलं, अत्याचारपीडित अशांसाठी वेगळी साक्ष केंद्रं काढा, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं. साध्या पंचाच्या नशिबी बहुतेक कोर्टांत बाकडंच.

मॅडमनी सुरुवात केली. “खोलीवर गेल्यावर काय झालं?”

“कुलूप उघडलं. आत लाइट नव्हती साहेब, मीटर काढलेला. हवालदारांनी बॅटरी धरली.”

कुणी विचारलं नव्हतं. मॅडमचा चेहरा मी बघितला. त्यांनाही हे नवीन होतं. बचावाच्या वकिलांनी फाइलमधून डोकं वर काढलं. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी कोयत्याबद्दल, चिंधीबद्दल, बॅटरीबद्दल काहीच विचारलं नाही.

“सकाळपासून कुठे बसला होतात?”

“बाहेर, बाकड्यावर.”

“मोबाइल आहे ना? काय बघत होतात?”

“बातम्या.”

“कसल्या?”

तो माणूस खोटं बोलणारा नव्हता. त्याने आमच्या पोर्टलचं नाव घेतलं. कुणीतरी त्याला लिंक पाठवली होती. वकिलांनी माझ्याकडे वळून पाहिलं, रागाने नाही; मासा गळाला लागल्यावर कोळी गळाकडे पाहतो तसं. साहेबांनी स्टेनोला सांगितलं: ‘मी बाहेर बसलो असताना अगोदरच्या साक्षीदाराच्या साक्षीची बातमी मोबाइलवर वाचली हे खरे आहे. पंचनाम्यात बॅटरीचा उल्लेख नाही हे खरे आहे. बातमी वाचून मी बॅटरीबाबत खोटे सांगत आहे असे म्हणणे खरे नाही.’ इतकी वर्षं लिहितेय, पण माझं लिखाण कोर्टाच्या कागदावर गेलं ते असं.

साहेब ओरडले नाहीत. “प्रेसने फोन बाहेर ठेवावेत. लिहा, पण बाहेर जाऊन,” एवढंच म्हणाले. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, तसं काही आलं नाही, आदेश तोंडीच. तोंडी आदेश म्हटलं की आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना मिरजकर आठवतात. ‘ब्लिट्झ’च्या संपादकाविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यात मुंबई हायकोर्टाने एका साक्षीदाराची साक्ष छापू नका, असं तोंडीच सांगितलं होतं. मिरजकर आणि इतर वार्ताहर सुप्रीम कोर्टात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने हायकोर्टाला तसा अधिकार आहे असं ठरवलं. वेगळं मत एकट्या न्यायमूर्ती हिदायतुल्लांचं. पुढे २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या तोंडी ताशेऱ्यांचं वार्तांकन थांबवा, म्हणून निवडणूक आयोग सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा कोर्टाने नकार दिला. पण ते प्रकरण न्यायाधीशांच्या बोलण्याचं होतं, साक्षीदाराच्या नव्हे. आमच्या प्रेस रूममध्ये त्या संध्याकाळी २०२१ च्या निकालाची प्रत नाचवणाऱ्यांना हा फरक सांगून उपयोग नव्हता.

इंग्लंडमध्ये डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या मुख्य न्यायाधीशांनी पत्रकारांना कोर्टातून मजकूर पाठवायला वेगळी परवानगी लागणार नाही असं मार्गदर्शन काढलं. त्यातच सावधगिरीचा इशारा होता: बाहेर थांबलेल्या साक्षीदाराला आतलं कळून तो पढून येऊ शकतो, आणि हा धोका फौजदारी खटल्यात सगळ्यात जास्त. म्हणजे प्रश्न नवा नाही. कळव्याच्या रिक्षावाल्याच्या रूपाने तो ठाण्यात पोहोचायला वेळ लागला इतकंच.

आमचे फोन बाहेर गेले. आणि मागच्या बाकावर आरोपीचा चुलतभाऊ मांडीवर फोन ठेवून टाइप करत होता. त्याला कुणी हटकलं नाही. त्याचं व्हॉट्सअॅप घरच्यांना जातं, घरच्यांकडून कुणाला जातं ते देव जाणे. चहाच्या टपरीवर पैरवीवाला, म्हणजे खटल्याच्या कामासाठी कोर्टात नेमलेला, हवालदार उरलेल्या साक्षीदारांना आत काय झालं ते सविस्तर ऐकवतो, हे तर प्रत्येक कोर्टातल्या प्रत्येक वकिलाला ठाऊक असतं. साक्षीदार बाहेर बसला की त्याला काही कळत नाही, हे नाटक मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. टपरीवरच्या गप्पांवर वेळेचा शिक्का नसतो. माझ्या पोस्टवर होता: १२ वाजून ४१ मिनिटं. म्हणून मी सापडले.

इथवर असतं तर मी हे लिहीत बसले नसते. चिडले असते आणि विसरले असते.

कोर्ट उठल्यावर जिन्यात तो पंच भेटला. साक्ष संपलेली, भत्त्याचा कागद हातात, दिवसाचा धंदा बुडाल्याची कुरकुर.

“ताई, ते तुम्हीच लिहिता काय? बरं लिहिता.”

मला राहवलं नाही. “बॅटरी होती का खरंच?”

“होती की! माझीच होती, रिक्षातली. हवालदार म्हणले आण, मी खाली जाऊन आणली.”

“मग हे आत का नाही सांगितलंत?”

“कोणी विचारलंच नाही. ते तुमच्या बातमीवरच लागले. आणि खरं सांगू का, वाचलं तेव्हाच आठवलं. नायतर इतक्या वर्षांनी बॅटरी कोणाच्या ध्यानात राहते?”

आता काय करू? त्याचं खरं असेल, तर माझ्या तीन ओळींनी त्याला खरी गोष्ट आठवून दिली आणि त्याच तीन ओळींनी ती निकामी केली. न वाचता सांगितली असती तर ती पुराव्यातली बळकट कडी झाली असती. पण न वाचता त्याला ती आठवलीच नसती. आणि खोटं असेल, तर जिना उतरता उतरता त्याने रिक्षाही गोष्टीत घुसवली. पिंजऱ्यातून उतरलेला माणूस मनाशी साक्ष पुन्हा देत राहतो, आणि दरवेळी ती थोडी सुधारते. मला तो खरा वाटला. पण मला खरी वाटलेली माणसं निकालपत्रांत खोटी ठरलेली आहेत, आणि उलटही.

सरकारी वकिलांना सांगितलं तर त्या साक्षीदाराला परत बोलवायचा अर्ज देऊ शकतात. मग बचावाचे वकील हळू आवाजात पहिला प्रश्न विचारतील: जिन्यात कुणाशी बोललात? छापलं तर पिंजऱ्याबाहेरची साक्ष मी वाचकांपुढे चालवल्यासारखं होईल. माझ्या संपादकांना मोह झाला होता. “रिक्षातल्या बॅटरीने फिरला खटला” हा मथळा त्यांनी तिथल्या तिथे रचून दाखवला, तेव्हा मी फोन ठेवला. खटला कुठेही फिरलेला नव्हता. मी ते छापलेलं नाही. इथे खटला ओळखू येईल असं काही लिहिलेलं नाही, काही तपशील मुद्दाम बदललेत.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेजने ठणकावून सांगितलं: ‘बातमी वाचून पंचाची खोटी साक्ष’. ‘असे म्हणणे खरे नाही’ हे त्यांनी गाळलं, नेहमीप्रमाणे. त्याला शेकडो लाइक.

मी एक अर्ज दिला आहे. एकाच घटनेचे सगळे साक्षीदार तपासून होईपर्यंत त्या घटनेबद्दल काही टाकणार नाही, बाकीचं कामकाज टाकू द्यावं, असा. बेंच क्लार्कने तो उलटसुलट करून पाहिला. “तुम्ही पक्षकार आहात का? मग मी हा लावू कुठे?” शेवटी साहेबांनी दोन्ही बाजूंचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवला. सरकारी वकिलांनी लिहिलं, हरकत आहे. बचाव पक्षाने लिहिलं, हरकत आहे. या खटल्यात दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

अर्जावर आदेश व्हायचाय. पुढच्या तारखेला तपास अधिकारी पिंजऱ्यात येतील आणि उजेडाचा प्रश्न त्यांना विचारला जाणारच. त्यांनी तरी हे सगळं वाचलेलं नसावं, असं मी मॅडमना म्हटलं.

“ते तर तुमच्या ग्रुपवरच आहेत की,” मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या खटल्याची फाइल उघडली.