चमचा पडला, वाटी पडली, ताट पडलं

न्यू जर्सीच्या शाळांमध्ये मी स्पीच थेरपिस्ट आहे. बोबड्या मुलांचे उच्चार सुधारणं एवढंच आमचं काम, असा सर्वांचा समज असतो. खरं तर मुलाला बोललेलं कळतं का, वाक्य जुळवता येतं का, घडलेलं सांगता येतं का, हे तपासण्यात आमचा जास्त वेळ जातो. घरी इंग्रजी नसलेल्या मुलाच्या बाबतीत तर नेहमी एकच पेच असतो. याला इंग्रजी अजून आलेलं नाही, की मुळात भाषा शिकणंच जड जातंय?

गेल्या वर्षी आलेला असाच एक मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही. वय सात, इयत्ता दुसरी, घर मूळचं कोल्हापूरकडचं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पाचव्या वर्षी इथे आला. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच वर्षी लिहून दिलं होतं की याच्यासोबतची मुलं पुढे गेली, हा जागेवरच आहे. या बाई फार बारकाईने मुलं बघतात, पण त्यांचं ऐकलं कोणी नाही. वरून उत्तर आलं, ‘आधी इंग्रजी येऊ दे.’ पुढच्या वर्षीही तेच.

या सावधगिरीमागे इतिहास आहे. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या मुलांची बुद्धिचाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. १९७० च्या ‘डायना’ खटल्यात अशा मुलांची चाचणी त्यांच्या भाषेतही घ्यायचं राज्याने मान्य केलं. आज कायदा सांगतो की चाचणी मुलाच्या भाषेत घ्या, आणि केवळ इंग्रजी कमी येतं म्हणून कुणाला अपंग ठरवू नका. चांगला कायदा आहे. पण शाळांनी त्याचा सोयीचा अर्थ काढला, की इंग्रजी येईपर्यंत तपासायचंच नाही. असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. ज्या मुलाला खरंच मदत हवी असते, त्याची शिकण्याची सगळ्यात मोलाची वर्षं या थांबण्यात जातात.

फाईलमध्ये आधीच्या बैठकीची नोंद होती, ‘पालकांना काळजी वाटत नाही.’ आईला विचारलं तेव्हा कळलं की घरची भाषा मराठी असं लिहून देऊनही फोनवर दुभाषी दिला होता हिंदीचा. “ताई, काय विचारतायत तेच नीट कळंना. मी आपली हो हो म्हणत गेलो.” वडील त्या वेळी ऑफिसात. अशा बैठकीवर एका मुलाची दोन वर्षं ठरली, याचा मला अजून संताप येतो.

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी प्रमाणित चाचणी नाही, त्यामुळे सगळं हाताने रचावं लागतं. आधी कान तपासून घेतले. ऐकू नीट येत होतं. मग आईचं बोलणं टिपून घेतलं. कोल्हापूरकडे बाई ‘मी गेलो’ म्हणते. तीच घरची रीत असेल तर मुलाच्या तोंडी ती चूक धरायची नाही. ‘माझं पेन्सिल’ही मी सोडून देते, कारण परक्या शब्दांचं लिंग घरोघरी बदलतं. म्हणून रोजच्या स्वयंपाकघरातल्या वस्तू घेतल्या.

टेबलाच्या कडेवरून चमचा ढकलला. काय झालं? “चमचा पडला.” वाटी ढकलली. “वाटी पडला.” ताट. तो थांबला, माझ्याकडे बघितलं. “ताट पडला.” आईच्या मांडीवर बसलेली चार वर्षांची बहीण ओरडली, “वाटी पडली! ताट पडलं!” तिला कोणी विचारलंही नव्हतं. वडिलांनी हातातला फोन बाजूला ठेवला.

एवढ्यावर निष्कर्ष काढत नाहीत. मी त्याला टोपी, डबा, फूल घेऊन बराच वेळ तेच शिकवलं. घरी मराठी कमी कानावर पडल्यामुळे मागे राहिलेलं मूल अशा वेळी भराभर पकडतं. याने माझ्यामागून बरोबर म्हटलं, पण नवी वस्तू आली की पुन्हा “उशी पडला.” मग ऐकलेला नवा शब्द जसाच्या तसा धरून ठेवता येतो का, ते बघायला निरर्थक शब्द म्हणायला दिले. ‘टमू’ जमलं, ‘बडोनिसा’ म्हणताना मधली अक्षरं गळाली. शब्द नसलेल्या चित्रपुस्तकावरून गोष्ट सांगताना प्रत्येक पानावर ‘ते’ आणि बोट. अडचण इंग्रजीची असती तर मराठी शाबूत असती. इथे दोन्हीकडे तेच तुटत होतं.

वडिलांना हे पटायला जड गेलं. “ताई, मीपण उशिराच बोललो होतो. आणि आता तर आम्ही घरी इंग्रजीच बोलतो, शाळेनंच सांगितलं होतं.” हा सल्ला शाळांमधून अजूनही सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. दोन भाषांमुळे हा दोष होत नाही, एक काढून घेतल्याने बरा होत नाही. आईला गोष्ट सांगता येते ती मराठीत. तीही बंद केली तर मुलाशी बोलणार कोण? आपल्या लोकांना मात्र हा सल्ला ऐकायला आवडतो, मराठी सोडायला निमित्तच मिळतं.

संमतीपत्रावर सही झाल्यापासून इथे ९० दिवसांत तपासणी पूर्ण करून मदत सुरू करायची असते. आम्ही वेळेत केली. आयईपी, म्हणजे त्या मुलापुरती लेखी शैक्षणिक योजना, ठरवायच्या बैठकीत वेळापत्रकाचा प्रश्न निघाला, की थेरपी द्यायची तर इंग्रजीचा तास काढावा लागेल. मी नाही म्हटलं. दोन्ही त्याचा हक्क आहे. बरीच ओढाताण झाली, शेवटी दोन्ही मिळालं. आता तो ‘आणि मग’ जोडून दोन वाक्यं सांगतो. वडील रात्री त्याला मराठीतून वाचून दाखवतात.

पण हा मुलगा सापडला तो मला मराठी येतं म्हणून. तो योगायोग होता, व्यवस्था नव्हे. सध्या माझ्याकडे ग्वाटेमालाहून आलेल्या एका मुलीची फाईल आहे. घरची भाषा किचे, माया लोकांची. दुभाष्याच्या रकान्यात लिहिलंय ‘स्पॅनिश’. मी ते खोडून किचे लिहिलं आणि मुख्याध्यापकांना पत्र पाठवलं. दुभाषी मिळत नसल्याचं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलंय.