नेमकं काय निघालं?

"मॅडम, तुमचं बी तीन डाव गेलं व्हतं म्हनं. मग निघालं तरी काय?"

पालकसभा संपून वर्ग रिकामा झाला होता. थोरल्या लेकाचा मुलगा माझ्या वर्गात, म्हणून या आजी आल्या होत्या. पण विचारायचं होतं ते धाकट्या सुनेबद्दल, तिचाही गर्भ टिकत नव्हता. सून शेजारच्या बाकावर बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून फाइलीचं टोक बाहेर आलेलं. ती खाली बघत होती.

हा प्रश्न मला हळदीकुंकवात विचारलाय, एसटीत विचारलाय, अंबाबाईच्या रांगेतसुद्धा विचारलाय. इतकी वर्षं मी एका वाक्यात उरकत आले, "रक्ताचा दोष होता, इंजेक्शनं घेतली." मग एकीने तेवढंच ऐकून, कुणालाही न विचारता, दुकानातून रक्त पातळ करायची गोळी आणली आणि सुरू केली. मला कळलं तेव्हा माझी झोप उडाली. म्हणून आता तुम्ही विचारलंत तर सगळं सांगते.

आमचं लग्न २००७ चं. पहिल्यांदा नवव्या आठवड्यात गेलं. सगळे म्हणाले, होतं असं, आणि ते खरंच आहे. दिवस राहिल्याचं कळल्यावर शंभरातल्या दहा-पंधरा बायकांचं जातं, आणि पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांचीच चूक असते. तो गर्भ वाढणारच नसतो. कुणी जड उचललं, पपई खाल्ली, जोतिबाच्या पायऱ्या चढली म्हणून हे होत नाही. माझ्या सासूबाईंनी पायऱ्यांचं नाव काढलं होतं. मी वर्षभर ते मनात धरून बसले होते.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा नेहमीच्या रक्ततपासण्या झाल्या. त्यात व्हीडीआरएल असते, प्रत्येक गरोदर बाईची करतात. माझ्या कागदावर लिहून आलं, 'रिअ‍ॅक्टिव्ह, १:४'. व्हीडीआरएल म्हणजे गरमीच्या रोगाची, सिफिलिसची तपासणी. दवाखान्यात ह्यांना आत वेगळं बोलावलं. दोघांनाही पेनिसिलिनची इंजेक्शनं लिहून दिली, दर आठवड्याला एक, अशी तीन. परत येताना कसबा बावड्यापर्यंत गाडीवर आम्ही एक शब्द बोललो नाही. मला वाटत होतं, ह्यांनी कुठेतरी... आणि ह्यांना काय वाटत असेल ते मला विचारायचं धाडस नव्हतं. शिरोलीच्या फौंड्रीत दोन पाळ्या करणारा माणूस, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्याच महिन्यात सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसलेच नाहीत. घरात कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच होतं, त्या रोगानेच गेलं.

तिसरं चौदाव्या आठवड्यात गेलं. तोपर्यंत ठोके होते, मी ऐकले होते.

त्यानंतर मावसबहिणीने मला ओढत मिरजेला नेलं, एका फिजिशियनकडे. त्या डॉक्टरांनी औषध लिहिलं नाही. आधी सगळे कागद टेबलावर तारखेप्रमाणे मांडले. प्रत्येक वेळी कितवा आठवडा होता, ठोके आले होते का, कळा आधी आल्या की अंगावर आधी गेलं, हे मला विचारलं आणि कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलने लिहिलं. इतक्या दवाखान्यांत फिरून हे मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मग त्यांचं बोट व्हीडीआरएलच्या कागदावर थांबलं. "याच्यानंतर टीपीएचए केली होती का?"

केली नव्हती. टीपीएचए म्हणजे त्याच रोगाची खात्री करून घ्यायची दुसरी तपासणी. ती केली आणि निगेटिव्ह आली. आम्हा दोघांना तो रोग कधी झालाच नव्हता.

झालं असं होतं की, व्हीडीआरएल ही तपासणी रोगाचा जंतू शोधत नाही. बैलाच्या हृदयातून काढलेला कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ त्यात वापरतात आणि आपल्या रक्तातली प्रतिद्रव्यं त्याला चिकटतात का ते बघतात. गरमीच्या रोगात ती चिकटतात. पण काही माणसांचं शरीर तो रोग नसतानाही अशी प्रतिद्रव्यं तयार करतं, आणि तपासणी खोटी पॉझिटिव्ह येते. त्यामागे एक आजार असू शकतो, त्याला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ साली त्याचं वर्णन केलं. यात रक्ताच्या गुठळ्या होण्याकडे कल असतो आणि वार नीट रुजत नाही. वारंवार गर्भ जाणाऱ्या बायकांमध्ये साधारण १५ टक्क्यांमध्ये ही प्रतिद्रव्यं सापडतात. माझ्या तिसऱ्या क्युरेटिनच्या, म्हणजे पिशवी साफ करण्याच्या, आधी केलेल्या तपासणीतही एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, वाढलेला होता, लॅबने आकडा ठळक छापला होता. तीही याच आजाराची खूण: नळीत रक्त उशिरा गोठतं, अंगात मात्र गुठळी होते. म्हणजे दोन कागद दोन वर्षं आमच्या कपाटात पडून होते आणि दोन्ही हेच सांगत होते.

टीपीएचएचा तो रिपोर्ट ह्यांनी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. कामाला जातानासुद्धा. कितीतरी महिने.

नक्की निदानासाठी तीन तपासण्या लागतात: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी पुन्हा करायच्या, कारण साध्या तापानंतरही त्या काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकतात. ते बारा आठवडे लोकांना फार जड जातात आणि पुष्कळजण दुसरी तपासणी टाळतात. टाळू नका. एकाच कागदावर नऊ महिने रोज सुई टोचून घेणं बरोबर नाही.

चौथ्या वेळी दिवस राहिल्याचं कळताच कमी ताकदीची अ‍ॅस्पिरिन आणि रक्त गोठू न देणारं हेपॅरिनचं इंजेक्शन, रोज रात्री आठला. लंडनमध्ये ९० बायकांवर झालेला एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के बायकांना मूल झालं, दोन्ही दिल्यावर ७१ टक्के बायकांना. इंजेक्शन बेंबीच्या एका बाजूला आज, दुसऱ्या बाजूला उद्या. पोटावर निळे-हिरवे डाग पडायचे. वापरलेल्या सिरिंज मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे आणि डबा भरला की दवाखान्यात नेऊन द्यायचे. पायऱ्यांचं नाव काढणाऱ्या सासूबाईच पावणेआठला हाक मारायच्या, "इंजेक्शनची वेळ झाली गं." लेक २०१२ ला झाली. आता माझ्यापेक्षा उंच आहे.

पण हे माझं निघालं. तुमचं हेच असेल असं मुळीच नाही, आणि म्हणूनच ती गोळी मनाने घ्यायची नाही. या आजाराचं निदान न झालेल्या बायकांना हेपॅरिन देऊन फायदा होत नाही, हे मोठ्या अभ्यासांत दिसलेलं आहे.

मग शोधायचं कुठे? मला सगळ्यात वाईट याचं वाटतं की माझे तिन्ही गर्भ तपासलेच गेले नाहीत. क्युरेटिनच्या वेळी निघालेला भाग गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवता येतो. आधी सांगून ठेवावं लागतं, कारण तो निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवायचा असतो. सवयीने फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला की पेशी मरतात आणि त्या वाढवून करायची तपासणी होत नाही. बाटलीत काय आहे हे नवऱ्याने किंवा आईने विचारावं, बाई त्या वेळी विचारण्याच्या स्थितीत नसते. गर्भात ठराविक प्रकारची चूक सापडली तर आईबापांची गुणसूत्रं बघतात. शंभरातल्या दोन ते पाच जोडप्यांत दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदललेले असतात. मुलांना मी असं सांगेन: पुस्तकाच्या दोन भागांची काही पानं बांधताना अदलाबदल झाली. दोन्ही भाग तुमच्याकडे आहेत तोवर वाचायला काहीच कमी नाही, पण मुलाला त्यातला एकच भाग दिला की काही पानं दुप्पट, काही गायब. असा माणूस स्वतः ठणठणीत असतो, म्हणून कुणाला संशय येत नाही.

आणि तपासणी दोघांची. आमच्याकडे फाइलीवर नाव सुनेचं असतं, लेकाचं नसतं. पुरुषाच्या बीजातला डीएनए तुटका असेल तर दिवस राहतात पण टिकत नाहीत, असा संबंध दिसलेला आहे, आणि बीजाच्या नेहमीच्या मोजणीत हा दोष दिसत नाही, मोजणी उत्तम येते. तंबाखू, सिगारेट, अंगाला सतत लागणारी धग यांनी बीज बिघडतं. शिरोलीत, गोकुळ शिरगावात भट्टीपुढे उभी राहणारी किती पोरं आहेत आपल्याकडे! बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे सुधारायलाही तेवढा वेळ द्यावा लागतो.

थायरॉइड आणि साखर या दोन साध्या तपासण्या. आधीच्या बाळंतपणात ठीक होत्या म्हणून पुढच्या वेळी राहून जातात. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर गर्भ गेल्यावरही अँटि-डीचं इंजेक्शन लागेल का, हे तिथेच विचारायचं. ते राहिलं तर पुढची मुलं उशिराच्या महिन्यांत धोक्यात येऊ शकतात. गर्भपिशवीत पडदा असतो काहींच्या, तो साध्या सोनोग्राफीत निसटतो, थ्रीडीत दिसतो. मात्र दिसला की लगेच कापायला धावू नका: २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पडदा कापल्याने मूल होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. डॉक्टरांशी बसून बोलायची गोष्ट आहे ती.

आपल्या भागात एक गोष्ट मी आवर्जून विचारते: घरी जनावरं आहेत का? म्हैस गाभडली की तिची वार, मेलेलं रेडकू हाताने उचलायचं काम बहुतेक वेळा सुनेकडे येतं. गाभडण्यामागे ब्रुसेलाचा जंतू असू शकतो. तो कच्च्या दुधातून आणि अशा हाताळण्यातून माणसात येतो. येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे धरणं ही त्याची लक्षणं, आणि गरोदर बाईचा गर्भही त्याने जाऊ शकतो. वारंवार जाण्याचं हे नेहमीचं कारण नव्हे, पण औषधाने बरं होणारं आहे आणि विचारल्याशिवाय सापडत नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध हा आपला अभिमान आहे, मलाही आहे. गरोदर बाईने मात्र उकळूनच प्यावं. चार ते आठ महिन्यांच्या वासरांना, फक्त माद्यांना, सरकारी लस मिळते, ती टोचून घ्यावी.

उलट, ज्या तपासणीवर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात ती टॉर्च, म्हणजे रुबेलासारख्या काही इन्फेक्शनांची रक्ततपासणी. वारंवार गर्भ जाण्याचं कारण शोधायला तिचा उपयोग नाही. त्यातलं आयजीजी नावाचं प्रतिद्रव्य पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा ते इन्फेक्शन कधीतरी होऊन गेलं, रुबेलाच्या बाबतीत तर ते संरक्षणच. तरी बायका महिनोन्महिने त्याची औषधं खातात. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा महागडा उपचारही कुणी सुचवला तर नको म्हणा, त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही.

चौथ्या-पाचव्या महिन्यात जाणाऱ्यांचं प्रकरण वेगळंच असतं. गर्भ चांगला असतो, ठोके असतात, पण पिशवीचं तोंड कळा न येताच उघडतं. थोडं जडजड वाटतं, पांढरं जातं आणि एकदम सगळं संपतं. यावर पिशवीच्या तोंडाला टाका घालतात. तो जगभर आपल्या मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांच्या नावाने ओळखला जातो. १९५५ साली त्यांनी ती पद्धत मांडली, तेव्हा टाक्यासाठी बाईच्याच मांडीतल्या स्नायूंच्या आवरणाची पट्टी वापरायचे. इथे रक्ताच्या शंभर तपासण्या केल्या तरी काही सापडत नाही. बाई काय सांगते त्यावरच सगळं.

पूर्वी तीनदा गेल्यावरच शोध सुरू करायची पद्धत होती. आता युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटना दोननंतरच सुरू करा म्हणतात. आणि सगळं शोधूनही जवळजवळ निम्म्या जोडप्यांत काहीच निघत नाही. ते ऐकून बायका खचतात. पण काही निघालं नाही अशांपैकी बहुतेकींना पुढे मूल होतं, वय फार झालेलं नसेल तर. हे मी प्रत्येकीला दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा ते कानात शिरत नाही.

आजींची फाईल मी बाकावर उघडली. पाच टॉर्चचे रिपोर्ट, पाचही वेगवेगळ्या लॅबचे. लेकाच्या नावाचा एकही कागद नव्हता. आम्ही तिघींनी मिळून कागद तारखेप्रमाणे लावले. कोपऱ्यावर आठवडा लिहायला मी पेन्सिल घेतली आणि आजींना विचारलं, "पहिलं कितव्या महिन्यात गेलं?"

"दुसराच लागला व्हता की," आजी म्हणाल्या.

"नाही, आत्या." सून पहिल्यांदाच बोलली. "चौथा पुरा झाला होता. सतरा आठवडे. दोन्ही वेळेला तेवढंच. आणि मॅडम, कळा आल्याच नव्हत्या मला."

"हे डॉक्टरांना सांगितलंस?"

"विचारलंच नाही कुणी."

मी कोरा कागद घेतला, ते तिच्याच शब्दांत लिहून काढलं आणि फाइलीत सगळ्यात वर लावलं.