फूड प्रोसेसर, एक गंजलेली स्प्रिंग आणि ‘कम्प्लेंट क्लोज्ड’

फूड प्रोसेसर चालू होत नाही आणि समोरचा माणूस हात लावायच्या आधीच "मोटर गई" म्हणतोय, तर त्याचं ऐकू नका. आमच्या मशीनला मिक्सरचं छोटं भांडं लावलं की मोटर छान फिरायची. मोठा बाऊल बसवला की ढिम्म. मोटर जळली असती तर दोन्हीकडे बंद पडली असती ना! एवढी साधी गोष्ट मी फोनवरच्या मुलीला, घरी आलेल्या पोराला आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या साहेबांना वेगवेगळी समजावली. कोणाच्याही डोक्यात शिरली नाही.

मशीन इथल्या, इंदूरच्या महाराणी रोडवरून घेतलं होतं. घासाघीस केली, पक्कं बिल घेतलं, घरी आणलं, आणि वर्षभराहून जास्त तक्रारीला जागा नव्हती. रोजची कणीक, हिवाळ्यात गाजरं, पावसाळ्यात भुट्टे. भुट्ट्याचं आत्ताच सांगते, नाहीतर राहून जाईल: कणसं किसत बसायचं नसेल तर दाणे काढून चॉपरच्या पात्याने थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं की लगदा होतो, आणि तो लगदा भुट्ट्याचा कीस म्हणून इंदूरच्या माणसापुढे ठेवायची हिंमत माझ्यात तरी नाही.

बिघाड होता बाऊलच्या मुठीत. या मुठीच्या आत एक बारीक दांडी असते, स्प्रिंगवर बसवलेली. झाकण फिरवून लावलं की झाकणाचा दात दांडीला दाबतो, दांडी खालच्या बैठकीतलं बटण दाबते, आणि मगच मशीन सुरू होतं. झाकण उघडं असताना पातं फिरू नये म्हणून ही सोय, आणि सोय चांगलीच आहे. पण मूठ पोकळ. बाऊल धुताना तिच्यात पाणी शिरतं आणि लवकर बाहेर येत नाही. मोबाईलचा टॉर्च धरून पाहिलं तर स्प्रिंग तांबूस झालेली आणि दांडी अर्ध्यावर अडकलेली. बोटाने दाबली तर खाली जाईना, वर येईना. हे मला दिसलं, मग रोज हीच मशीनं उघडणाऱ्या माणसाला का दिसू नये?

महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. सोळा भाज्या, कोशिंबिरी, घरभर पाहुणे. कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली, ते झटकन झालं. मुलगा आला, बॅगेतून एक पेचकस काढला, बैठक उलटी केली आणि म्हणाला, "मोटर कमजोर है." मी त्याच्यासमोर छोटं भांडं लावून फिरवून दाखवलं. मग म्हणे, "तो बाऊल मँगवाना पड़ेगा. पार्ट आने पर आऊँगा. मैडम, एक ओटीपी आया होगा, वो बता दो."

मेसेज मी पूर्ण वाचला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की काम समाधानकारक झाल्यावरच हा नंबर सांगावा. मी म्हटलं, भैया, काम झालं की सांगते. तो म्हणाला, "वो तो बस विज़िट का है." विजिटचा असेल तर मेसेजमध्ये तसं लिहा की! मी नंबर दिला नाही, तो तोंड वाकडं करून गेला. संध्याकाळी मेसेज आला: ग्राहक घरी उपलब्ध नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. ग्राहक उपलब्ध नाही! त्याने प्यायलेल्या पाण्याचा ग्लास अजून माझ्या ओट्यावर होता.

पुन्हा तक्रार, पुन्हा नवा नंबर. जुना नंबर सांगितला तर म्हणतात, "वो तो क्लोज़ है, मैडम." या वेळी कोणी न येताच तक्रार बंद झाली. म्हणून बाऊल पिशवीत घालून मी स्वतः सर्व्हिस सेंटर गाठलं. तळघरातली खोली, भिंतीला टेकलेले मिक्सर, काउंटरवर एक साहेब आणि त्यांचा मोबाईल. त्यांनी बाऊलकडे नुसतं पाहिलं. "प्लास्टिक वारंटी में नहीं आता." मी वॉरंटी कार्ड पुढे केलं. कार्डावर लिहिलं होतं की प्लास्टिकचे भाग तुटले-फुटले तर वॉरंटी नाही. इथे काय तुटलंय? आणि स्प्रिंग कुठे प्लास्टिकची आहे? ते म्हणाले, नवा बाऊल विकत घ्या. किंमत ऐकून मी म्हटलं, ठीक आहे, वॉरंटीत बसत नाही एवढं कागदावर लिहून, शिक्का मारून द्या. "सिस्टम में ऐसा ऑप्शन नहीं है." तोंडी नाही म्हणायचा ऑप्शन मात्र सिस्टममध्ये असतो.

कोणी लेखी नकार देत नसेल तर तिथे वाद घालत उभं राहू नका, वेळ जातो. मी बाहेर येऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर फोन लावला. बिलाची तारीख, दोन्ही तक्रारींचे नंबर आणि ‘उपलब्ध नाही’च्या मेसेजचा स्क्रीनशॉट, सगळं हाताशी ठेवलं होतं. हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार नोंदवून घेते आणि कंपनीकडे पाठवते. पण तेवढ्यानेच कंपनीकडून फोन आला, आणि आवाजात असं लोणी की मला वाटलं राँग नंबर. इथेही अडलं असतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची माझी तयारी होती: 2019च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. आमच्या ह्यांना वाटलं होतं मी हट्टाला पेटलेय. होतेच.

बाऊल आला, पैसे न घेता आला, पण महालक्ष्म्या उठून गेल्यावर. सोळा भाज्या मी आणि जाऊबाईंनी विळीवरच चिरल्या.

आता बाऊल धुतला की मूठ खाली करून झटकते आणि रात्रभर तिरका पालथा घालते. ओला बाऊल बैठकीवर चढवत नाही. पातं साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. फेसात हात घातला की कळतं का ते. गाजराचा केशरी डाग पडला तर आधी तेलाचं बोट फिरवा, मग घासा. कणीक मळताना पीठ आधी, पाणी नळीतून हळूहळू. गोळा झाला की लगेच बंद, उगाच फिरवत राहिलात तर कणीक गरम होते. पुरणपोळीची सैलसर कणीक मी अजूनही हातानेच तिंबते, त्यात मशीनवर माझा भरवसा नाही.

आणि हो, मशीन चालता चालता मध्येच थांबलं तर लगेच तक्रार नोंदवू नका. बहुतेक मशीनच्या तळाला एक लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते बाहेर येतं. स्विच बंद करा, पिन काढा, मोटर निवू द्या, बाऊलमधला माल कमी करा आणि मग बटण दाबा.

बिलाचा फोटो मशीन घेतल्याच दिवशी काढून ठेवा. दुकानातल्या त्या गुळगुळीत कागदावरची छपाई उडते. माझ्या बिलावर तारीख जेमतेम वाचता येत होती, आणि काउंटरवरच्या साहेबांनी सर्वांत आधी तीच विचारली होती.