हे-ऑन-वायच्या किल्ल्याखालची पुस्तकं

हेरेफर्डपर्यंत रेल्वे, पुढे बस. हे-ऑन-वायला स्टेशन नाही. १९६२मध्ये रिचर्ड बूथनं इथे जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं आणि वेल्सच्या सीमेवरचं हे छोटं गाव पुस्तकांचं गाव झालं.

किल्ल्याच्या पायथ्याशी कपाटं उघड्यावरच असतात, पैसे आपणच पेटीत टाकायचे. तिथे इंग्लिश पोर्सेलिनवरचं, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांवरचं, एक जाडजूड पुस्तक दिसलं. पुठ्ठा शाबूत, शिलाई घट्ट, पण मधला चित्रांचा सगळा भाग विटेसारखा एक झालेला. फार वाईट वाटलं. पोर्सेलिन ज्या केओलिन मातीपासून बनतं, तिचाच लेप चित्रांच्या गुळगुळीत आर्ट पेपरवर असतो. ओल लागली की लेप मऊ पडतो आणि दाबाखाली वाळताना पानाला पान चिकटवतो. नखानं सोडवायला गेलं, तर एका पानावरचं चित्र दुसऱ्यावर निघून येतं. यावर इलाज नाही. पुस्तक भिजलंच तर वाळायच्या आत पानं सुटी करून मध्ये बटर पेपर घालावा लागतो. कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. भिंतीला टेकलेल्या कपाटात जुलैत नेमकं हेच होतं.

जुन्या कलावस्तूंवरच्या पुस्तकात चित्रं हाच ऐवज, म्हणून किंमत नंतर बघावी. आधी सुरुवातीची चित्रसूची काढून प्लेटा, म्हणजे वेगळी छापलेली चित्रांची पानं, एकेक मोजाव्यात. रंगीत प्लेटा फ्रेम करून विकण्यासाठी ब्लेडनं कापतात. शिलाईच्या खोबणीत बोट फिरवलं की कापलेल्या पानाची दोन-तीन मिलिमीटरची कडा हाताला लागते. नुसती डकवलेली प्लेट मात्र अलगद निघते, मागे फक्त गोंदाचा पिवळट पट्टा राहतो. तो सहज नजरेतून सुटतो.

चांदीच्या हॉलमार्कची खिशातली जुनी पुस्तिका बिनधास्त घ्यावी. चांदी तपासणाऱ्या शहरांच्या खुणांपैकी लंडनचा बिबळ्या, बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर तेच आहेत. शेफील्डचा मुकुट मात्र १९७५पासून जाऊन गुलाब आला, तेव्हा त्यानंतरच्या चांदीला नवी आवृत्तीच हवी. कलावस्तूंच्या जुन्या दरपुस्तिकांमधले भाव निरुपयोगी. फोटोखाली मापं दिली असतील तरच त्या उचलाव्यात. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये विक्रीच्या भावांची सुटी चिठ्ठी आहे का, ते झटकून बघावं. नुसत्या गोंदावर बांधलेले कॅटलॉग सपाट उघडू नयेत, कणा तडकतो आणि पानं गळतात.

आतल्या एका दुकानात जॉर्ज बर्डवुडचं भारतीय हस्तकलांवरचं १८८०चं पुस्तक होतं. बर्डवुड बेळगावात जन्मलेला, आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या उभारणीसाठी झटलेला माणूस. पानांवर तांबूस ठिपके होते, पण त्यांनी वाचायला काही अडत नाही. लाकडी ठशांच्या रेघा इतक्या स्वच्छ, की भांड्यावरची नक्षी भिंगाखाली मोजता येते. फोटो काढून केलेल्या पुनर्मुद्रणात त्याच रेघा भरून काळ्या होतात. आधी प्लेटा मोजल्या, मगच पेन्सिलीनं लिहिलेली किंमत पाहिली.

विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा असते, आणि तीस सेंटिमीटर उंचीचं चारशे पानी आर्ट पेपरचं पुस्तक दोन किलोच्या वर भरतं. बर्डवुड हातातल्या पिशवीत आला, पोर्सेलिनचं पुस्तक त्याच कपाटात राहिलं.