लिहून खेळायचा रोलप्ले चालता ठेवताना: माझा अनुभव

लिहून खेळायच्या रोलप्लेत प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि पाळीपाळीने पोस्ट लिहून गोष्ट पुढे नेतो. असा खेळ बहुतेक वेळा एकाच कारणाने बंद पडतो: पुढची पोस्ट कोणी टाकायची हे कोणालाच नक्की ठाऊक नसतं. सगळे एकमेकांची वाट बघतात, चार दिवस जातात, मग लिहायला संकोच वाटू लागतो आणि चॅनेल कायमचं गप्प होतं. जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती) म्हणून मी लावते ते जवळजवळ सगळे नियम याच एका गोष्टीभोवती फिरतात.

आधी हिशेब. पाच खेळाडू, प्रत्येकाची ४८ तासांत एक पोस्ट, म्हणजे एक फेरी दोन दिवसांची. एका प्रसंगाला आठ फेऱ्या धरल्या तर १६ दिवस, आणि सहा प्रसंगांच्या गोष्टीला तीन महिन्यांहून जास्त. टेबलाभोवती बसलं तर हेच दोन रविवारांत आटोपतं. म्हणून गोष्ट लहानच घ्यावी. तीनच खेळाडू असले तर एक आजारी पडला की खेळ लंगडतो. सहाच्या वर गेले की आपली पाळी येईपर्यंत आधीचा प्रसंग डोक्यातून गेलेला असतो.

२४ तासांची मुदत मुंबईत टिकत नाही. विरारहून किंवा बदलापूरहून येणाऱ्या माणसाचे रोजचे तीन तास प्रवासात जातात, आणि गर्दीत दांडा धरून उभं राहून दीडशे शब्द लिहिता येत नाहीत. खरं लिखाण रात्री साडेदहानंतर होतं. ज्यांना लोकलमध्ये बसायला मिळतं त्यांना मी एवढंच सांगते, की फोनच्या नोट्समध्ये लिहा आणि तिथून चिकटवा. दोन स्टेशनांमध्ये रेंज गेली आणि पोस्ट उडाली, की माणूस ती पुन्हा त्याच उत्साहाने लिहीत नाही.

जागा म्हणून मी डिस्कॉर्ड हे गप्पांचं ॲप वापरते. त्यात एकाच गटाला वेगवेगळे कप्पे, म्हणजे चॅनेल, करता येतात. व्हॉट्सॲपवर खेळ आणि गप्पा एकाच धाग्यात मिसळतात. डिस्कॉर्डवर पाच चॅनेल पुरतात: नियम, पात्रं, गप्पा, फासे आणि सद्यस्थिती. नियमांच्या चॅनेलमध्ये फक्त जीएमला लिहिता येईल अशी परवानगी ठेवायची. प्रत्येक प्रसंगाला स्वतंत्र थ्रेड (चॅनेलमधला उपधागा) उघडायचा. थ्रेड शांत राहिला तर जास्तीत जास्त आठवड्याने आपोआप बाजूला जातो. नवा खेळाडू हमखास घाबरून विचारतो, की सगळं पुसलं गेलं का. पुसलं जात नाही. कुलूप लावलेलं नसेल तर पुन्हा संदेश टाकला की थ्रेड वर येतो.

सद्यस्थितीचं चॅनेल सगळ्यात महत्त्वाचं, आणि नवे जीएम नेमकं तेच गाळतात. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड या मजकुरी खेळाची सुरुवात केली. त्यात कोण कुठल्या खोलीत आहे आणि कोणाच्या हातात काय आहे, हे यंत्र लक्षात ठेवायचं. आपल्या खेळात ते काम माणसाचं आहे. प्रत्येक फेरीनंतर मी चार ओळी टाकते: वेळ काय झाली, कोण कुठे आहे, कोण जखमी आहे, पुढची पाळी कोणाची. शेवटच्या ओळीत त्या खेळाडूचं नाव टॅग करते. या एका ओळीने जितके खेळ वाचतात तितके सुंदर वर्णनाने वाचत नाहीत.

डिस्कॉर्डवर बिनपैशाच्या खात्याला एका संदेशात २,००० अक्षरं मिळतात, पण मराठीत ती लवकर संपतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘मुंबई’ डोळ्यांना तीन अक्षरं, मोजणीत पाच. ‘क्षत्रिय’ही तीनच दिसतं, मोजणीत आठ. एका संदेशात साधारण तीनशे शब्द बसतात. मी वरची मर्यादा दोनशेवर ठेवते, कारण लांब पोस्टला उत्तर देताना समोरच्याला दडपण येतं. इंग्रजी रोलप्लेतली तिरक्या अक्षरांची पद्धतही घेऊ नये. देवनागरी तिरकी केली की जोडाक्षरं वाचवत नाहीत. मनातलं साध्या अक्षरांत, बोलणं अवतरणात आणि पात्राबाहेरचं दुहेरी कंसात, एवढं पुरे.

निवेदन तृतीय पुरुषी, भूतकाळात. याला एक अपवाद मी मुद्दाम ठेवते. पात्र स्त्री की पुरुष हे लपवायचं असेल तर मराठी चटकन फितूर होते, कारण ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हटलं की संपलं. अशा पात्राला प्रथम पुरुषी सकर्मक भूतकाळ द्यावा. ‘मी दार उघडलं’, ‘मी चिठ्ठी वाचली’ या वाक्यांत क्रियापद कर्मामागे जातं आणि गुपित राहतं. तसंच पात्रपत्रात (खेळाडूने आपल्या पात्राची लिहून दिलेली माहिती) ‘कोणाला तू, कोणाला तुम्ही’ अशी ओळ मी भरून घेते. मुकादमाला अरेतुरे करणारा हमाल एका शब्दात उभा राहतो, पण ते चुकून झालं तर सगळा प्रसंग खोटा वाटतो. पात्रपत्राचं बाकी काम दीडशे शब्दांत होतं: पात्राला काय हवंय, ते कोणाचं देणं लागतं आणि दुसऱ्या कुठल्या खेळाडूच्या पात्राशी त्याचं नातं काय. नातं नसलेलं पात्र तिसऱ्या फेरीत एकटं कोपऱ्यात बसतं.

सध्याच्या खेळासाठी मी १९४४ ची मुंबई घेतली आहे. १२ एप्रिलला फोर्ट स्टिकिन हे जहाज व्हिक्टोरिया डॉकला आलं. पोटात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. १४ एप्रिलला आग लागली आणि दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. शेवट सगळ्यांना माहीत आहे, आणि मेटागेमिंगची अडचण इथेच येते: खेळाडूला माहीत असलेलं पात्र वापरू लागतं. एखाद्याचा गोदी कामगार १३ तारखेलाच बायकामुलांना घेऊन गावी निघतो. त्यावर माझा नियम असा, की पात्र गोदी सोडू शकतं, पण कारण खेळात आधी घडलेलं हवं. मुकादमाशी भांडण चालेल, पगार बुडाला तरी चालेल, ‘मनात शंका आली’ चालणार नाही. खेळाचा प्रश्नही ‘स्फोट होईल का’ असा ठेवायचा नाही. ‘चार वाजता तू कुठे असशील आणि कोणासोबत’ असा ठेवायचा. काळाचे तपशील सद्यस्थितीच्या वर कायम चिकटवलेले असतात: रस्त्यात ट्राम आहे, रुपयाचे सोळा आणे आहेत, धान्य रेशनवर आहे.

दुसरी नेहमीची चूक गॉडमोडिंगची, म्हणजे दुसऱ्याच्या पात्राचं काय झालं हे आपणच लिहून टाकायची. ‘शंकरने त्याच्या कानाखाली मारली आणि तो गोणीवर कोसळला’ ही पोस्ट मी परत पाठवते. ‘शंकरने हात उगारला’ इथे थांबायचं. पडायचं की हात धरायचा, हे ज्याचं पात्र तो ठरवेल. पोस्टच्या शेवटी समोरच्याला धरायला काहीतरी ठेवावं: प्रश्न, हालचाल, उघडं राहिलेलं दार. ‘तो विचारात पडला’ अशा शेवटाला कोणालाच उत्तर देता येत नाही.

फासे कमी टाकावेत. टेबलावर फासा दहा सेकंदांत पडतो, इथे प्रत्येक फाशाला एक दिवस जातो. मी सहा बाजूंचे दोन फासे वापरते. बेरीज १० किंवा जास्त आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होतं पण किंमत मोजून, ६ किंवा कमी आली तर फसलं. ३६ पैकी ६ वेळा पूर्ण यश, १५ वेळा अर्धं, १५ वेळा अपयश. पात्राच्या कौशल्याचा एक गुण मिळवला की हेच १०, १६ आणि १० होतं. मधला टप्पा मोठा असल्यामुळे गोष्ट पुढे सरकते. फासा बॉटकडून (चॅनेलमध्ये आपोआप फासा टाकणारा प्रोग्राम), उघड चॅनेलमध्ये आणि लिहिण्याआधी टाकायचा. आधी पराक्रम लिहून मग ३ आले, की खोडाखोड सुरू होते आणि रुसवेही.

कोणी गप्प झालं तर ४८ तासांनी मी खासगीत एक साधा संदेश पाठवते, ‘सगळं ठीक ना?’ एवढाच. ७२ तासांनी त्याचं पात्र प्रसंगात मागे राहतं. मी त्याला बोलायला लावत नाही आणि मारत तर कधीच नाही. परत आलेल्या माणसाला स्वतःचं पात्र जिवंत सापडलं पाहिजे. गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीचे पाच दिवस खेळ जाहीरपणे बंद असतो, आणि सुरू व्हायची तारीख आधीच लिहिलेली असते. तारीख न देता घेतलेली सुट्टी म्हणजे खेळाचा शेवट समजावा.

डिस्कॉर्डची किमान वयोमर्यादा १३ आहे. माझ्या खेळात १८ खालचं कोणी नसतं, कारण स्फोटाच्या गोष्टीत मृत्यू येतो. सुरुवातीलाच प्रत्येकाकडून खासगीत दोन याद्या घेते: काय अजिबात नको आणि काय पडद्याआड चालेल. नावं न सांगता त्यांची एकत्र यादी नियमांत लावते. खेळताना कोणीही ‘थांबा’ लिहिलं की प्रसंग तिथेच थांबतो, कारण विचारायचं नाही. खरं नाव, ऑफिस, राहता पत्ता गप्पांच्या चॅनेलमध्येही टाकू देत नाही. पात्रांमध्ये प्रेम जमलं तरी ते खेळाच्या थ्रेडमध्येच लिहायचं. खासगी संदेशांत गेलेला प्रसंग जीएमला दिसत नाही, आणि तिथे कोणाला त्रास झाला तर सोडवायलाही कोणी नसतं.

खेळ संपला की प्रत्येकाला आपल्या पात्राची एक शेवटची पोस्ट मिळते, त्यासाठी एक आठवडा. मग थ्रेडना कुलूप लावून सगळा मजकूर क्रमाने एका दस्तऐवजात उतरवते. गप्पा आणि फासे त्यातून वगळते. तो बाहेर कोणाला दाखवायचा असेल तर पाचही जणांचा होकार लागतो. एकाने नाही म्हटलं तर तो आमच्यापुरताच राहतो.